डुक्कर फियाटचा पाय पद्मिनीला चालतो का? एका मोटारघराण्याचा इतिहास

१/
१९५० च्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ‘डुक्कर फियाट’ आणि त्याच घराण्यातली १९९० च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी. दोघींत जवळपास चार दशकांचे अंतर. तरीही एकीच्या पुढच्या चाकामागचे लोखंड दुसरीच्या कामी येऊ शकते, हे महाराष्ट्रातल्या जुन्या मिस्त्र्यांना ठाऊक आहे. जगात इतरत्र चाळीस वर्षांत मोटारींच्या चार-पाच पिढ्या उलटून गेल्या. येथे मात्र आजीचे हाड नातीला जुळत राहिले. असे का झाले, याचे उत्तर यंत्रशास्त्रात जितके आहे तितकेच दिल्लीच्या सरकारी धोरणात आहे.

२/
प्रथम ‘पाय’ म्हणजे काय ते पाहू. धाराशिव जिल्ह्यातले येरमाळा हे सोलापूर–धुळे महामार्गावरचे, बालाघाटाच्या डोंगररांगेतले गाव. चैत्र पौर्णिमेला येथे येडेश्वरीची यात्रा भरते. मोटारी येण्यापूर्वी या यात्रेची वाट बैलगाडीनेच तुडवली जाई. बैलगाडीची दोन्ही चाके एकाच आखाला जोडलेली असतात. एक चाक दगडावर चढले की आख कलतो आणि आखाबरोबर सारी गाडी. सुरुवातीच्या मोटारींची पुढची चाकेही अशाच एका अखंड आखावर, कमानपाट्यांच्या आधाराने बसवलेली असत.

३/
बैलगाडीच्या वेगाला हे चालून गेले; मोटारीच्या वेगाला चालेना. एका चाकाला बसलेला धक्का आखामार्फत दुसऱ्या चाकात जाई आणि ठरावीक वेगाला पुढची दोन्ही चाके थरथरू लागत. चालकाच्या हातातले स्टिअरिंगही त्याबरोबर थरथरे. यावर उपाय म्हणजे दोन्ही चाकांना स्वतंत्र हालचाल देणे. १९३४ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने कॅडिलॅकसह आपल्या काही गाड्यांना स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन दिले. त्यानंतर हा प्रकार जगभर झपाट्याने पसरला.

४/
इटलीची फियाट कंपनीही याच वाटेवर होती. १९३६ च्या चिमुकल्या ‘टोपोलिनो’त पुढची चाके आडव्या कमानपाट्यावर पेलली होती. १९३७ च्या ‘५०८ सी’मध्ये द्युबोने पद्धतीची, स्प्रिंग बंद नळीत ठेवणारी रचना आली. आणि मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘११००/१०३’ अवतरली. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक वरचा आर्म, एक खालचा आर्म आणि वेटोळी स्प्रिंग होती. दान्ते जाकोझा यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली हीच रचना पुढे भारतात अर्धशतक टिकणार होती.

५/
या रचनेचे तत्त्व सोपे आहे. वरचा आर्म आखूड, खालचा लांब. दोन्ही एका बाजूने गाडीच्या अंगाला बिजागरीसारखे जोडलेले, दुसऱ्या बाजूने चाकाच्या खुंटाला. चाक वर उचलले गेले की दोन्ही आर्म फिरतात, स्प्रिंग दबते, शॉकअ‍ॅब्सॉर्बर तिची उसळी आवरतो आणि पलीकडच्या चाकाला त्याची फारशी खबरही लागत नाही. मात्र या साऱ्याचा प्राण लोखंडात नसून मापात आहे. आर्मची लांबी, बिजागरीची जागा, खुंटाचा कल ही तीन मापे बिघडली तर नवीकोरी सामग्रीही निरुपयोगी ठरते.

६/
आता कुर्ल्याकडे वळू. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांची स्वप्ने पाहिली. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड स्थापन केली. १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ या नावांच्या गाड्या येथे जुळवल्या जाऊ लागल्या. पुढे फियाटशी करार झाला आणि ‘५००’ ही छोटी गाडी आली. १९५३ च्या एप्रिलमध्ये वालचंद निवर्तले. जिनिव्हात ‘११००/१०३’ प्रथम दिसली, त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

७/
१९५३ हे वर्ष आणखी एका कारणाने निर्णायक ठरले. तयार मोटारींच्या आयातीवर १९४९ मध्येच बंदी आली होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, जे कारखाने टप्प्याटप्प्याने सुटे भाग देशातच बनवतील त्यांनाच येथे राहू द्यावे. केवळ परदेशी भाग जुळवणाऱ्यांना जागा उरली नाही. १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम थांबवले, फोर्डही गेली. मोटारींच्या बाजारात मोजके देशी कारखाने उरले. त्यांत कुर्ल्याची प्रीमियर आणि बंगालच्या उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स हे दोन प्रमुख.

८/
टप्प्याटप्प्याने देशात बनवणे याचा व्यवहारातला अर्थ काय? एका आर्मसाठी साचा करायचा, तो घडवणारा लोहार-कारखाना तयार करायचा, स्प्रिंगचे पोलाद देशात मिळवायचे, बुशसाठी रबर आणि पितळ जमवायचे. यात वर्षे जातात आणि भांडवल अडकते. इतक्या सायासाने उभा केलेला साचा परदेशातले नवे मॉडेल आले म्हणून कोण मोडील? जो भाग एकदा देशी झाला तो जागीच राहिला.

९/
१९५४ च्या सुमारास ‘११००/१०३’ कुर्ल्यात आली. इटालियन लोक तिला ‘मिल्लेचेंतो’, म्हणजे अकराशे, म्हणत. महाराष्ट्राने तिच्या फुगीर, नाकाड्या चेहऱ्याकडे पाहून तिला ‘डुक्कर फियाट’ केले. पुढची दारे उलट्या बाजूला उघडणारी, ही तिची दुसरी खूण. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे बदलत गेली. १९६४ मध्ये ‘११०० डी’ या नव्या अंगाची गाडी ‘डिलाइट’ नावाने आली. १९७२ च्या सुमारास ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचे नाव घेऊन ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

१०/
येथे एक मौजेचा तपशील आहे. इटलीतल्या ‘११०० डी’चे इंजिन १२२१ घनसेंटिमीटरचे होते, भारतीय गाडीत मात्र जुनेच १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन राहिले. म्हणजे अंग नव्या पिढीचे आणि काळीज जुन्या पिढीचे! पिढ्यांची अदलाबदल गल्लीतल्या मिस्त्र्याने सुरू केली असे आपण समजतो; प्रत्यक्षात तिचा पहिला नमुना खुद्द कारखान्यातूनच बाहेर पडला होता. पुढच्या सस्पेन्शनची मांडणीही तीच राहिली: दोन आर्म, वेटोळी स्प्रिंग आणि मधला किंगपिन.

११/
युरोप तोवर पुढे निघून गेला होता. १९६६ मध्ये ‘११०० आर’ आली, तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. १९६९ मध्ये फियाटने ‘१२८’ आणली: इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना आणि वरच्या आर्मऐवजी उभा मॅकफर्सन स्ट्रट. यांतले काहीही कुर्ल्यात आले नाही. याच १९६९ मध्ये भारत सरकारने मोटारींच्या किमतींवर कायदेशीर नियंत्रण आणले. प्रीमियरचा किंमतवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ मध्ये त्यावर निकाल लागला. किंमत सरकारने ठरवायची आणि ग्राहक रांगेत उभाच आहे, अशा बाजारात नवे साचे करण्याची निकड कोणाला वाटणार?

१२/
या स्थैर्याचा लाभ मात्र ज्याच्या खिशात पैसा नव्हता त्याला झाला. मुंबईच्या काळी-पिवळी टॅक्सीचा मालक बहुधा स्वतःच चालक. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची चूल पेटण्याची पंचाईत. त्याला कारखान्याच्या नव्या भागाची वाट पाहावी लागत नसे. कुर्ल्याच्या भंगारपेठेत आणि चोरबाजारात खोललेल्या गाड्यांचे आर्म, हब, स्प्रिंगा टांगलेल्या असत. गाडी कोणत्या सालची हे विचारण्याआधी मिस्त्री भाग हातात घेऊन पाही.

१३/
मुंबईत हे सोय म्हणून होते; मराठवाड्यात ती गरज होती. येरमाळ्यापासून कुर्ला जवळपास चारशे किलोमीटर. डोंगरवळणे, खडीचे रस्ते, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. अशा वाटेवर सर्वांत आधी झिजतात ते पुढच्या पायांचे सांधे. अशा गावी गाडी अडली तर मुंबईहून भाग मागवण्यापेक्षा जवळपासच्या उभ्या, निकामी गाडीकडे नजर जाणे स्वाभाविक होते. भारतातल्या अशा हजारो गावांत फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडर का टिकल्या, याचे हे साधे कारण: भाग गावात मिळतो आणि बसवणारा हातही गावातच असतो.

१४/
पण ‘बसते’ आणि ‘चालते’ यांत फरक आहे. अदलाबदलीच्या तीन पायऱ्या मानता येतात. पहिली, सुटा भाग: बुश, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, बेअरिंग. दुसरी, जोडभाग: किंगपिनसह खुंट, हब आणि ब्रेकचा ड्रम. तिसरी, एका बाजूचा संपूर्ण पाय, आर्मसकट. सर्वसामान्य समजूत अशी की लहान भाग बदलणे सोपे आणि मोठा बदलणे अवघड. अनुभव पुष्कळदा उलटा असतो. संपूर्ण पाय एकत्र आला तर त्याची आतली मापे परस्परांशी जुळलेली असतात; चार गाड्यांचे चार भाग एकत्र केले तर प्रत्येकाची झीज वेगळी.

१५/
किंगपिनचेच उदाहरण घ्या. ही एक जाड, उभी खीळ. स्टिअरिंग वळवले की चाकाचा खुंट हिच्याभोवती फिरतो. पिन आणि खुंट यांच्यामध्ये पातळ बुश असतात. वेळोवेळी ग्रीस दिले नाही तर ते झिजतात आणि चाकात ‘चाल’ निर्माण होते. चाक वर-खाली धरून हलवले की ती हाताला जाणवते. नवी पिन जुन्या बुशात घातल्याने भागत नाही. बुश दाबून बसवायचे, मग रीमर फिरवून पिनेच्या मापाचे करायचे. पिन सैल नको आणि जामही नको. हे माप पुस्तकात आकड्याने असते. मिस्त्र्याच्या अंगठ्यात ते सरावाने येते.

१६/
स्प्रिंग दिसायला सारखी असते आणि म्हणूनच फसवते. तारेची जाडी किंवा वेटोळ्यांची संख्या किंचित वेगळी असली तरी ती जागेवर बसते. पुढे पद्मिनीत डिझेल इंजिनही आले, ते पेट्रोल इंजिनाहून जड. पेट्रोल गाडीची स्प्रिंग त्याखाली घातली तर गाडीचे नाक खाली झुकते. आर्मचा कोन बदलतो, कोनाबरोबर चाकाचा कल बदलतो आणि टायर एका कडेने झिजू लागतो. जुना नियम म्हणूनच सांगतो: स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावी आणि ती गाडीच्या वजनाची असावी.

१७/
अखेरची परीक्षा कोनांची. समोरून पाहता चाक आत वा बाहेर किती कलले आहे तो कॅम्बर. बाजूने पाहता किंगपिन मागे किती रेलली आहे तो कॅस्टर. वरून पाहता दोन्ही चाकांची नाके एकमेकांकडे किती वळली आहेत तो टो-इन. पाय कोणत्याही पिढीचा असो, हे तीन कोन साधले नाहीत तर गाडी एका बाजूला ओढते आणि ब्रेक मारताच दिशा सोडते. घाटाच्या वळणावर असा घोटाळा जिवावर बेततो.

१८/
घराण्याबाहेर गेले की भिंत लागते. अ‍ॅम्बॅसॅडर ही मॉरिस ऑक्सफर्डची वारस. तिच्या पुढच्या पायात वेटोळी स्प्रिंग नाहीच. लांब दांडीला पीळ पडतो आणि तोच धक्का पेलतो. १९४८ च्या ऑक्सफर्डसाठी अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी योजलेली ही टॉर्शन बार पद्धत हिंदुस्तान-१४, लँडमास्टर आणि अ‍ॅम्बॅसॅडर अशी वारशाने चालत आली. शिवाय इंग्रजी गाडीचे आटे इंचाच्या मापात, इटालियन गाडीचे मिलिमीटरमध्ये. दोन्ही गाड्या सांभाळणाऱ्या मिस्त्र्याला पान्यांचे दोन संच बाळगावे लागत. देशाने मेट्रिक मापे कायद्याने स्वीकारली ती १९५६ मध्ये. फियाटचा मिस्त्री त्याआधीच मेट्रिक झाला होता.

१९/
भिंत घराण्याच्या आतही उभी राहिली. १९८५ मध्ये प्रीमियरने ‘११८ एनई’ आणली. ती फियाट ‘१२४’वर आधारलेली, म्हणजे १९६६ ची रचना; इंजिन निस्सानच्या परवान्याचे. कारखाना तोच, मूळ कंपनी तीच, पुढे आर्मही दोनच. परंतु ‘१२४’च्या घराण्यात किंगपिन गेली आणि तिच्या जागी बॉल जॉइंट आले. एका खुंटात पिनेसाठी सरळ भोक, दुसऱ्यात निमुळता सांधा; दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बाहेरून सारखी दिसणारी मांडणी आतून दोन वेगळ्या पिढ्यांची आहे, हे या एका भोकावरून कळते.

२०/
जगाच्या पाठीवर ही अदलाबदल अनेक कारणांनी झाली. अमेरिकेत १९७४ च्या ‘मस्टँग-२’चे पुढचे सस्पेन्शन १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या गाड्यांना बसवण्याचा छंद फोफावला, तिथला हेतू वेग आणि मजा. क्यूबात अमेरिकी निर्बंधांमुळे भाग मिळेनात, तेव्हा १९५० च्या दशकातल्या अमेरिकी गाड्या सोव्हिएत लाडा आणि व्होल्गाच्या भागांवर चालत राहिल्या. तिथला हेतू तगून राहणे. महाराष्ट्रातली फियाट या दुसऱ्या रांगेतली. फरक इतकाच की क्यूबाला परक्या घरातून भाग आणावे लागले, येथे ते आजीच्या पेटीत होते.

२१/
या कथेला दुसरी बाजूही आहे. जे स्थैर्य गरिबाच्या उपयोगी पडले त्यानेच प्रगती रोखली. पद्मिनीच्या चारही चाकांना अखेरपर्यंत ड्रम ब्रेक राहिले. इटलीतल्या बहिणीला १९६६ मध्येच डिस्क मिळाले होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्या मॅकफर्सन स्ट्रटला ना किंगपिन, ना दर काही दिवसांनी ग्रीस. ग्राहकाने फरक एका फेरीत ओळखला. सुटे भाग सहज मिळणे हा गुण खरा. पण वारंवार बदलावे न लागणे हा त्याहून मोठा गुण, हे तेव्हा उमगले.

२२/
पद्मिनीचे उत्पादन २००० च्या आसपास थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सींचे कमाल आयुष्य २००८ मध्ये पंचवीस वर्षे आणि २०१३ मध्ये वीस वर्षे ठरले. त्यानुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. या काळात मोडीत निघालेली प्रत्येक टॅक्सी एखाद्या जुन्या फियाटला पाय देऊ शकत होती. आता तो झराच आटला आहे. लोखंड वितळले, आणि ते ओळखणारे हातही म्हातारे झाले.

२३/
उरलेल्या गाड्यांचे काय? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ देखील नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मना करते; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधोरेखित केले. डुक्कर फियाटला पद्मिनीचा किंगपिन घालणे आणि तिच्याखाली एखाद्या आधुनिक गाडीचे सस्पेन्शन कापून जोडणे, यांतली सीमारेषा जतन करणाऱ्याने म्हणूनच ओळखली पाहिजे.

२४/
‘मूळ’ म्हणजे कारखान्यातून निघालेला तोच खिळा, असे मानले तर या देशात एकही जुनी फियाट मूळ उरणार नाही. ज्या गाडीने चाळीस वर्षे भाडी मारली, घाट चढले, वऱ्हाडे नेली, तिचे सांधे तीन-चारदा बदललेच असणार. तिचा खरा इतिहास या बदलांतच आहे: कोणता भाग कोणत्या पिढीचा, तो का घातला, तेव्हा दुसरा का मिळत नव्हता. म्हणून जुनी गाडी उघडणाऱ्याने आधी छायाचित्र घ्यावे, प्रत्येक भागावरचा क्रमांक आणि खूण टिपावी, आणि काढलेला भाग भंगारात देण्यापूर्वी एखाद्या जुन्या मिस्त्र्याला दाखवावा. तो भाग पाहून आयातबंदीच्या काळाबद्दल जे सांगेल ते कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.